अर्थिंग ठीक होतं

गेल्या वर्षी मी एका इलेक्ट्रिशियनला विनाकारण फैलावर घेतलं. त्याची माफी मागायची राहून गेली, कारण माझी चूक मला कळेपर्यंत तो काम सोडून गेला होता. म्हणून सुरुवात त्याच्यापासून करतो.

दर शनिवारी संध्याकाळी आम्ही तिघं चंदीगडच्या एका रेस्टॉरंटमध्ये जॅझ वाजवायचो. ड्रमवर हरदीप, गिटारवर विक्रम आणि डबल बासवर मी. डबल बास म्हणजे माणसाहून उंच असलेलं, व्हायोलिनच्या थोरल्या काकासारखं दिसणारं वाद्य. ते उभं धरून, मान डावीकडे झुकवून वाजवावं लागतं. त्या शनिवारी दुसऱ्याच गाण्यात मी बोटं पाहायला मान वाकवली आणि मानेपासून पाठीतून थेट गुडघ्यांपर्यंत करंट गेला. अगदी ओल्या हाताने स्विच दाबल्यावर बसतो तसा.

मध्यंतरात मी इलेक्ट्रिशियनला बोलावलं. "भैया, अर्थिंग चेक करो. करंट मार रहा है."

त्याने टेस्टर लावला. दिवा लागला नाही. मग हरदीपने त्याच्या हातातून टेस्टर घेऊन अ‍ॅम्प्लिफायरला, प्लगला, माझ्या बासच्या तारांनाही लावून पाहिला. "ओ प्राजी, करंट-वरंट कुछ नहीं है. टेस्टर जलदा ही नहीं."

"टेस्टर खराब होगा," मी म्हटलं. आणि त्या बिचाऱ्याला तीस वर्षांच्या अनुभवाचा असा काही डोस पाजला की तो मान खाली घालून उभा राहिला. पुढच्या शनिवारी मी सेक्टर बावीसमधून रबराची जाड चटई आणली आणि तिच्यावर उभा राहिलो. करंट आलाच. चटई डुप्लिकेट आहे, असा मी निष्कर्ष काढला.

आठवडाभराने घरी दाराजवळ बसून बुटाची नाडी बांधताना तोच करंट आला. तिथे ना अ‍ॅम्प्लिफायर होता, ना प्लग. शहाण्या माणसाने त्या क्षणी बायकोला हाक मारली असती. मी नाडी न बांधताच बूट घालून बाहेर पडलो.

घट्टे

मी मूळचा सांगलीचा. इंजिनीअरिंग अर्धवट सोडून मुंबईला हॉटेलातल्या बँडमध्ये गेलो, तेव्हा वडील दोन वर्षं माझ्याशी बोलले नव्हते. आईला कोणी विचारलं की मुलगा काय करतो, तर ती सांगायची, हॉटेल लाइनमध्ये आहे. पुढे जहाजावर वाजवलं, लग्नांमधून वाजवलं, जिंगल्स वाजवल्या. मग माझ्या बायकोला, मेधाला, चंदीगडच्या एका वैद्यकीय संस्थेत संशोधनाची नोकरी लागली आणि एका टेम्पोत वाद्य आणि दुसऱ्यात संसार घालून आम्ही इकडे आलो. त्याला आता सोळा वर्षं झाली. आमची रेवा इथेच जन्मली. तिला मराठी सगळं समजतं, पण ती उत्तर हिंदीत देते.

बासवाल्याचं काम लग्नातल्या आचाऱ्यासारखं असतं. जेवण चांगलं झालं तर नाव यजमानांचं होतं आणि मीठ कमी पडलं तरच लोक विचारतात, आचारी कुठाय? जॅझमध्ये गिटार भटकते, ड्रम खोड्या काढतो आणि बास चार मात्रांत चार पावलं टाकत चालत राहतो. त्या पावलांच्या भरवशावर बाकीचे भटकतात. मला हे काम आवडायचं. कोणी आपल्याकडे पाहत नाही आणि तरी आपल्यावाचून सगळं कोसळेल, ही भावना माझ्या स्वभावाला मानवणारी होती. खरं सांगायचं तर त्यात माज होता.

जाड तारा दाबून दाबून आमच्या बोटांना घट्टे पडतात. माझ्या बोटांवर ते तीस वर्षांचे होते. गरम तव्यावरची पोळी मी बोटांनी उलटायचो आणि रेवा लहानपणी मैत्रिणींना बोलावून ते दाखवायची. त्यामुळे बोटांच्या टोकांची जाणीव कमी व्हायला लागली तेव्हा मला वाटलं, घट्टे वाढलेत. मी ते ब्लेडने तासले. खाली रक्त आलं तरी दुखलं नाही. तरीही मला शंका आली नाही. नस्ती शंका काढणाऱ्यांतला मी नव्हेच.

मग डाव्या हाताची शेवटची दोन बोटं तारेवर वेळेत पोचेनात. मी ठरवलं, तारा उंच झाल्यात. चंदीगडात डबल बास दुरुस्त करणारा कोणी नाही, म्हणून सेक्टर बावीसमधल्या एका फर्निचरच्या मिस्त्रीकडे गेलो. तारा ज्या लाकडी घोडीवर टेकतात ती त्याच्याकडून तासून घेतली. मिस्त्रीजी दर वेळी विचारायचे, "और काटूं?" आणि मी म्हणायचो, "थोड़ा और." तीनदा तासली. मग तारा बदलून हलक्या आणल्या. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! रोग माझ्या मानेत होता आणि मी वाद्यावर उपचार करत होतो.

एवढं करूनही हात येईना, तेव्हा मी चोरी सुरू केली. चार मात्रांऐवजी दोनच वाजवू लागलो. एक सूर धरायचा, रेंगाळू द्यायचा, मग दुसरा. जॅझमध्ये ही पद्धत आहेच, त्यामुळे पकडलं जायची भीती नव्हती. महिन्याभराने विक्रम म्हणाला, "श्री सर, आजकल आपके बजाने में बड़ा ठहराव आ गया है." मी मंद हसलो. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मनात म्हटलं. ती मूठ तेव्हा मला पुरती आवळताही येत नव्हती.

असे आठ महिने गेले. हे मी मुद्दाम लिहितोय. कोणाला हे वाचून आपल्या हातांकडे पाहावंसं वाटलं तर पाहावं, आणि घरात कोणाला तरी सांगावं.

बटणं

मेधाच्या सहकाऱ्याच्या मुलीचं लग्न होतं. तयार व्हायला मी आत गेलो तो बाहेरच येईना. मेधा पाहायला आली तेव्हा मी कुर्त्याच्या पहिल्याच बटणाशी झटत होतो. काज कुठे आहे ते दिसत होतं, बटण कुठे आहे ते दिसत होतं, पण बोटांमध्ये बटण आहे की नाही ते कळत नव्हतं.

ती दारात उभी राहून पाहत होती. किती वेळ, मला माहीत नाही. मग म्हणाली, "श्री, डोळे मीट."

"आता कसलं? उशीर होतोय."

"मीट म्हटलं ना." तिने माझ्या तळहातावर काहीतरी ठेवलं. "काय आहे?"

मी म्हटलं, नाणं. डोळे उघडले तर तिचं कानातलं होतं, मोत्यांचं, चांगलं लोंबणारं.

ती पलंगावर बसली. ती रुग्ण तपासणारी डॉक्टर नाही, प्रयोगशाळेत काम करते. पण एवढं कळायला डॉक्टर असायची गरज नव्हती. तेवढ्यात रेवा आत आली आणि बापाची अशी परीक्षा चाललेली पाहून सरळ म्हणाली, "मम्मा, पापा सीढ़ियों पे भी गिरते हैं. दो बार गिरे. मुझे बोला किसी को मत बताना."

मेधाने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेची मला आजही भीती वाटते. तिच्यात राग असता तर बरं झालं असतं.

दोन दिवसांनी पंचकुल्यात एका वयस्कर न्यूरॉलॉजिस्टकडे गेलो. त्यांनी गुडघ्यावर हातोडी मारली आणि माझा पाय असा उडाला की त्यांचा चष्मा थोडक्यात वाचला. मला हसू आलं. त्यांना आलं नाही. मला सरळ रेषेत चालायला सांगितलं, तसं मी कापसाच्या गादीवरून चालावं तसा चाललो. मग त्यांनी विचारलं, "गर्दन झुकाने पर करंट जैसा लगता है?"

मेधा माझ्याकडे पाहत होती.

"लगता है," मी म्हटलं. "मुझे लगा, अर्थिंग खराब है."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "कितने महीने आप अर्थिंग ठीक कराते रहे?"

एमआरआयचा अहवाल त्याच संध्याकाळी मिळाला. मानेतल्या दोन चकत्या मागे सरकून मज्जारज्जूला दाबत होत्या. डॉक्टरांनी चित्रात बोट ठेवून दाखवलं. पाण्याचा पाइप पायाखाली दबावा तशी ती पांढरी दोरी दोन जागी चेपली होती. मी विचारलं, बास वाजवताना मान वाकवल्यामुळे झालं का? ते म्हणाले, हे कोणालाही होतं, पण तुम्ही मदत केलीत एवढं नक्की. ऑपरेशन लवकर करा. पडलात तर मोठा घोटाळा होईल.

येताना गाडी मेधा चालवत होती. घराजवळच्या सिग्नलला थांबलो तेव्हा म्हणाली, "आठ महिने मी तुझ्या शेजारी झोपत होते." सिग्नल हिरवा झाला आणि मागच्याने हॉर्न वाजवला.

वॉर्ड

सर्जन लातूरचे निघाले. परमुलखात मराठी ऐकून मला एवढं बरं वाटलं की मी लगेच त्यांच्याकडून आश्वासन मागितलं. "हात येतील ना, डॉक्टर?"

"बघा, खोटं बोलणार नाही मी," ते म्हणाले. "ऑपरेशन आहे ते पुढचं नुकसान थांबवायला. जे गेलंय ते आणून द्यायची हमी माझ्याकडं नाही. काही परत येतं. किती, ते तुमचा हातच सांगेल."

"वाजवता येईल एवढं?"

"चालता येईल, शर्ट घालता येईल, त्याच्यासाठी मी भांडतो. वाजवायचं नंतर बघू."

मला त्यांचा राग आला. शर्टाचं कोण विचारत होतं? मला माझा शनिवार हवा होता. आजारी माणूस किती कोता होतो, ते मी स्वतःवरून पाहिलंय. पाय लुळे पडण्याची भीती डोक्यावर होती आणि मी मनात चौथ्या मात्रेचा हिशेब करत होतो.

ऑपरेशनच्या आधी चार दिवस वॉर्डात काढले. पहाटे थर्मामीटर, मग झाडूवाली, मग चहा, मग डॉक्टरांचा घोळका, मग नुसती वाट पाहणं. प्रत्येक रुग्णामागे एकच अटेंडंट पास असल्यामुळे दाराशी रोज भांडणं व्हायची. शेजारच्या खाटेवर कैथलचे चौधरीजी होते, हरियाणा रोडवेजचे निवृत्त ड्रायव्हर, कंबरेचं ऑपरेशन झालेलं. मी दिवसभर बोटं उघडमीट करत बसायचो ते पाहून एकदा म्हणाले, "मास्टरजी, हाथ तो थारे ठीक दिक्खैं सैं."

मी सांगितलं, दिसायला ठीक आहेत, वाद्य वाजत नाही.

त्यांनी विचार केला. "मन्नै तो दो साल पहल्यां बस छोड़ दी थी," ते म्हणाले. "ब्रेक पै पैर देर तै जावै था. किसे नै कह्या कोनी था. मन्नै आप बेरा पाट ग्या." कोणी सांगायच्या आधी त्यांचं त्यांनाच कळलं होतं. मग कूस बदलून झोपले. त्यांचं ते बोलणं मला तेव्हा आवडलं नाही. ड्रायव्हर आणि कलावंत यांत फरक असतो, असं मी मनात म्हटलं.

रेवा वॉर्डात यायची नाही. खाली बागेत बसायची आणि वर मेसेज पाठवायची: "खाना खाया?" मला वाटलं, हिला रुग्णालयाचा वास सहन होत नाही. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मेधाने खरं सांगितलं. दोनदा पडलो हे तिने आधी सांगितलं असतं तर लवकर इलाज झाला असता, असं पोरीने मनाला लावून घेतलं होतं. पंधरा वर्षांच्या मुलीवर मी माझं गुपित लादलं होतं आणि ती ते ओझं घेऊन बागेत बसली होती. मी तिला फोन लावला, पण मला बोलता आलं नाही. ती पलीकडून म्हणत राहिली, "पापा? पापा, हेलो?"

त्याच दुपारी मेधाने तिचा प्रश्न विचारला. ती संत्रं सोलत होती, मला सोलता येत नव्हतं म्हणून. "बँडला कळू द्यायचं नव्हतं, ते समजलं. मला का नाही?"

"तू लगेच दवाखान्यात नेलं असतंस."

"मग?"

"मग त्यांनी सांगितलं असतं, वाजवू नका."

तिने संत्र्याची एक फोड माझ्या हातावर ठेवली. "म्हणजे माझ्यापासून लपवलं नाहीस. माझ्यामुळे लपवलंस." ती हे शांतपणे म्हणाली आणि सालं टाकायला उठून गेली. लग्नाच्या बावीस वर्षांत मला एवढं लाजिरवाणं कधीच वाटलं नव्हतं.

ऑपरेशन गळ्याच्या पुढून करतात, हे मला आदल्या दिवशी कळलं. शुद्धीवर आलो तेव्हा आवाज बसलेला होता, थुंकी गिळताना कळ येत होती आणि गळ्याभोवती पट्टा होता. मी आधी पायांची बोटं हलवली. हलली. मग हातांची. तीही हलली, पण काल हलत होती तशीच. मी रडायला लागलो. नर्सला वाटलं, दुखतंय. तिने इंजेक्शन दिलं.

हरदीप भेटायला आला तो गरम सूपचा थर्मास घेऊन. आल्या आल्या म्हणाला, "सीट खाली है, प्राजी. किसी को नहीं बिठाया." रेस्टॉरंटचा मालक दुसरा बासवाला आणा म्हणून मागे लागला होता. मोहालीत आयटीत काम करणारी नागपूरची एक मुलगी छान वाजवते, हेही त्यांना कळलं होतं. हरदीपने ठाम सांगितलं होतं, आमचा माणूस येईपर्यंत आम्ही दोघंच वाजवू. मी त्याचा हात धरला. घट्ट धरतोय असं मला वाटलं. त्याने माझ्या हाताकडे पाहिलं आणि दुसरा हात वरून ठेवला.

राजमा

घरी आल्यावरचे महिने सांगण्यासारखे नाहीत, तरी सांगतो, कारण लोकांना वाटतं ऑपरेशन झालं की सुटलो. आठवड्यातून तीनदा फिजिओथेरपिस्ट पूनमजी यायच्या, सोलनच्या. त्या एका वाडग्यात राजमा ओतायच्या आणि एकेक दाणा उचलून दुसऱ्यात टाकायला लावायच्या. मग कपड्यांचे चिमटे दोरीला लावायचे, मग नाण्यांची चळत रचायची. मी एकदा चिडून वाडगा उलटा केला. दाणे सोफ्याखाली गेले. पूनमजी शांतपणे म्हणाल्या, "अच्छा है जी. अब नीचे बैठ के उठाइए. पैरों की भी एक्सरसाइज़ हो जाएगी."

घरात माझा आवाज चढायला लागला होता. चहा गार आहे, टीव्ही मोठा आहे, रेवा अभ्यास करत नाही. मेधा नोकरी करून, मला अंघोळ घालून, वर माझी बोलणी खात होती. एकदा ती स्वयंपाकघरातून म्हणाली, "तुझे हात गेलेत, तोंड चांगलं शाबूत आहे." मी फुरंगटून बसलो. नंतर आम्ही दोघंही हसलो, पण ते हसणं अर्धंच होतं.

पायांनी मात्र चांगली साथ दिली. तीन महिन्यांत मी सुखना तलावाच्या काठाने आधाराशिवाय चाललो. करंट थांबला. बटणं लागू लागली, वरचं सोडून. लातूरकर डॉक्टर खूश होते. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणायचा, "वा, तुम्ही तर एकदम बरे झालात!" आणि मी हसून हो म्हणायचो. बरा झालेला माणूस दुःखी दिसला तर लोकांना ते कृतघ्नपणाचं वाटतं.

पाचव्या महिन्यात डॉक्टरांनी परवानगी दिली, उंच स्टुलावर बसून, मान सरळ ठेवून, थोडा वेळ वाजवा. घोडी इतकी तासलेली होती की तारा लाकडावर खडखडत होत्या. नवी मागवली. रोज सकाळी मेधा आणि रेवा गेल्यावर मी वाजवायला बसायचो. डाव्या हाताची पहिली दोन बोटं आज्ञेत होती. तिसरं रेंगाळायचं. करंगळी केव्हा तारेवर आली ते मला डोळ्यांनीच कळायचं.

मेधा संध्याकाळी विचारायची, "कसं झालं?"

"सुधारतंय," मी म्हणायचो.

पाय

सातव्या महिन्यापासून हरदीपच्या एयरोसिटीतल्या घरी रविवारी दुपारी सराव सुरू झाला. विमानतळ जवळ असल्याने डोक्यावरून विमान जायला लागलं की आम्ही थांबायचो, ते गेलं की पुन्हा सुरू करायचो. पहिल्याच रविवारी मला वाटलं, जमतंय! एकटा वाजवताना जे अडखळत होतं ते तिघांत वाहत होतं. मात्रा भरत होत्या. विक्रम गिटार ठेवून टाळ्या वाजवायला लागला. हरदीप म्हणाला, "अगले महीने शनिवार पक्का?" मी म्हटलं, पक्का. घरी येताना मी श्रीखंड आणलं.

तीन रविवार असे गेले. चौथ्या रविवारी विक्रमने फोनवर सगळं रेकॉर्ड करून मला पाठवलं. सोमवारी सकाळी मी ते इअरफोन लावून ऐकलं. पहिल्यांदा आनंदाने ऐकलं. दुसऱ्यांदा कान टवकारून. तिसऱ्यांदा ऐकलं तेव्हा मला समजलं.

ड्रमवाल्याच्या पायाखाली एक मोठा ड्रम असतो. जॅझमध्ये तो इतका हलका वाजवतात की ऐकू येत नाही, नुसता जाणवतो. रेकॉर्डिंगमध्ये तो मधूनच मोठा व्हायचा. धप्. पुन्हा हलका. पुन्हा धप्. जिथे जिथे माझं बोट पोचलं नव्हतं, नेमक्या त्या मात्रेवर हरदीपचा पाय पडत होता. तो माझी मात्रा भरत होता. आणि आधी सहज ओळखलं असतं ते मी ओळखलं नाही, कारण मला ओळखायचं नव्हतं.

आधी मला अपमान वाटला. मग लक्षात आलं, प्रत्येक ओळीत माझं बोट कुठे चुकणार हे त्याला माझ्याआधी कळत होतं. एवढं कान देऊन मला तीस वर्षांत कोणी ऐकलं नसेल.

पुढच्या रविवारी मी स्टुलावर बसलो आणि म्हटलं, "हरदीप, आज पैर मत चला."

"कौन सा पैर?"

"वही."

तो झांजेचा एक स्क्रू पिळत बसला. तो सैल नव्हता. मग त्याने पेडलवरून पाय काढला आणि बाजूला जमिनीवर ठेवला.

आम्ही सुरू केलं. पहिली ओळ ठीक गेली. दुसऱ्या ओळीत तिसरी मात्रा उशिरा आली आणि चौथी आलीच नाही. तिथे नुसतं भोक होतं. विक्रमने वळून पाहिलं. मी पुढे चालत राहिलो. पुन्हा भोक. वरून विमान गेलं, आम्ही थांबलो नाही. गाणं संपवलं. मी म्हटलं, परत, जरा संथ. तेच झालं. मग आणखी संथ घेतलं, तेव्हा चारही मात्रा आल्या, पण त्या लयीत गाणं उभं राहत नव्हतं. विक्रम पाणी आणायला म्हणून आत गेला आणि आला नाही.

"शनिवार के लिए उस नागपुर वाली को बुला ले," मी म्हटलं.

"एक साल और ले लो, प्राजी. मैं वेट कर लूंगा."

"वेट मैं भी कर लूंगा. सीट पर बैठ के नहीं."

हरदीप साडेसहा फुटांचा माणूस आहे. त्याने ड्रम पुसायचा टॉवेल तोंडावर घेतला आणि तसाच बसून राहिला. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि बाहेर आलो.

जिन्यात बसून मेधाला फोन लावला. सराव कसा झाला, हे ती रोज विचारायची आणि मी रोज सुधारतंय म्हणायचो. आज ती विचारायच्या आत मी म्हटलं, "मेधा, हात येत नाहीये. चौथी मात्रा पोचतच नाही. महिनाभर हरदीप झाकत होता आणि मी तुला सुधारतंय सांगत होतो. शनिवार सोडला."

मागे कुकरची शिट्टी झाली. तिने गॅस बंद केल्याचं ऐकू आलं.

"हे कधी झालं?" तिने विचारलं.

"आत्ता. पाच मिनिटं झाली."

"पाच मिनिटं," ती म्हणाली. एवढंच म्हणून ती रडायला लागली. मग मीही. भर दुपारी, लोकांच्या जिन्यात. भाजीची पिशवी घेऊन वर जाणाऱ्या एक बाई माझ्याकडे पाहून कठड्याला चिकटून गेल्या.

"तिथेच थांब," मेधा म्हणाली. "मी येते घ्यायला."

"अगं, मी ऑटोने येतो."

"श्री, थांब म्हटलं ना. गाडीत मला नीट सांग. पहिल्यापासून."

मी थांबलो.